सिल्वासाच्या वाटेवरचे सोबती

बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत सुधीर फडके दोन आहेत. एक दिवाणखान्यातले. रामनवमीच्या दिवसांत ज्यांचा आवाज रेडिओवरून, मग तबकडीवरून, पुढे फितीवरून घरभर फिरत असे, ते. दुसरे दोन ऑगस्टच्या आसपास आठवायचे: दादरा नगर हवेलीच्या मुक्तीसाठी पोर्तुगिजांविरुद्ध निघालेल्या तरुणांतले बाबूजी. हे दोघे एकच गृहस्थ, हे सर्वांना ठाऊक असते. पण गायक तो गायक आणि लढवय्या तो लढवय्या, अशी वाटणी करून आपण त्यांना वेगवेगळ्या कपाटांत ठेवतो. मला ही वाटणी मान्य नाही. बाबूजी ज्या गुणामुळे संगीतकार झाले, त्याच गुणामुळे सिल्वासाला त्यांचा उपयोग झाला, असे माझे मत आहे. भिन्न बोलीच्या, भिन्न धर्माच्या, भिन्न चालीरीतींच्या माणसांबरोबर एका कामाला बसायचे आणि त्या माणसाकडे आपल्याजवळ नसलेले काय आहे ते ओळखायचे, हा तो गुण. तो त्यांच्या अंगी आला कसा, हे पाहण्यासाठी त्यांचे आयुष्य थोडे मागून सांगायला हवे.

रामचंद्र विनायक फडके यांचा जन्म २५ जुलै १९१९ रोजी कोल्हापुरात झाला. सुधीर हे नाव पुढचे. वडील वकील, आई लवकर गेली आणि घराची घडी विस्कटली. गाण्याचे पहिले शिक्षण वामनराव पाध्ये यांच्याकडे झाले. त्या काळचे कोल्हापूर कसे होते, हे संस्थानी गावातल्या माणसांना वेगळे सांगायला नको. शाहू महाराजांनी दरबारी गायक म्हणून आणले ते अल्लादिया खाँसाहेब, उत्तरेकडचे. अंबाबाईच्या गावात जयपूरची गायकी रुजली ती त्यांच्यामुळे. इकडे बाबूराव पेंटरांच्या हाताखाली चित्रपटाचा कारखाना उभा राहिला आणि १९२९ साली तिथेच प्रभात कंपनी जन्माला आली. सुतार, रंगारी, पैलवान, गवई, मुसलमान वाजंत्री आणि ब्राह्मण मुनीम एकाच मांडवात वावरत. पोरवयात अशा गावात कान तयार झाला, तर त्याला आपले आणि परके हा भेद सुरांत तरी कळत नाही.

बालगंधर्व आणि हिराबाई बडोदेकर यांच्या गाण्याचा बाबूजींवर फार खोल परिणाम होता. हिराबाईंचे नाव आले की आपल्या गावाची मान ताठ होते, पण ते नाव आपल्याला किती गोष्टी शिकवते याकडे आपण लक्ष देत नाही. वडील अब्दुल करीम खाँ किराण्याचे; आई ताराबाई बडोद्याच्या राजघराण्याशी नाते असलेल्या माने सरदारांच्या घरातल्या. त्या लग्नाने इथे केवढी खळबळ उडाली आणि त्या जोडप्याला बडोदे सोडावे लागले, ती हकीकत आपल्या आज्यापणज्यांनी हलक्या आवाजात सांगितलेली आहे. ज्या संसाराला आपल्या गावाने जागा दिली नाही, त्याच संसारातल्या मुलीने गावाचे नाव आपल्या नावापुढे लावून हिंदुस्थानभर नेले. आणि कोल्हापूरच्या एका वकिलाच्या मुलाने तिच्या गाण्यातून शब्द कसा हळुवार ठेवावा हे उचलले. इथे १८८६ साली सयाजीराव महाराजांनी संगीतशाळा सुरू करवली ती मौलाबक्षांकडून. ते दिल्लीकडचे, पण म्हैसुरात राहून कर्नाटक पद्धत शिकून आलेले. म्हणजे आपल्याला हे नवीन नाही. नवीन नसलेली गोष्टच माणूस लवकर विसरतो.

बाबूजींची मुंबईतली पहिली वर्षे हालाची गेली. खायची भ्रांत, राहायची भ्रांत. मग ते बाहेर पडले आणि गाण्याच्या आधाराने उत्तर हिंदुस्थानात कलकत्त्यापर्यंत भटकले. पुढे त्यांनी आपले आत्मचरित्र लिहायला घेतले, त्यात या दिवसांबद्दल मोकळेपणाने लिहिले आहे. ते पुरे झाले नाही आणि त्यांच्या मागे ‘जगाच्या पाठीवर’ या नावाने प्रसिद्ध झाले. ज्याच्या खिशात पैसा नाही, त्याला परमुलखात माणसांची पारख फार लवकर करावी लागते. कोण जेवू घालील, कोण गाणे ऐकून घेईल, कोण दारातूनच परत पाठवील, हे त्याला भाषा पुरती कळण्याच्या आधी कळावे लागते. त्या काळचे कलकत्ता म्हणजे तर गाण्याची पेठ. पंजाबी सैगल तिथे बंगाली गाणी गात होता आणि बंगाल्यांच्या डोळ्यांत पाणी आणत होता.

१९४१ च्या सुमारास ते हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीत आले आणि १९४६ साली ‘प्रभात’च्या ‘गोकुळ’ चित्रपटापासून संगीत दिग्दर्शक म्हणून त्यांचे नाव झाले. इथे थोडे थांबून मुंबईच्या स्टुडिओत गाणे कसे होई ते सांगतो, कारण पुढच्या कथेचा धागा इथेच आहे. चाल सुचायची ती एकाला. ती पेटीवर बसून गाऊन दाखवायची. पण वीस-पंचवीस वाद्ये एका वेळी वाजायची तर प्रत्येकाच्या समोर कागद हवा, आणि तो कागद युरोपी पद्धतीच्या स्वरलिपीत लिहिणारे लोक बहुतेक गोमंतकीय ख्रिस्ती. चर्चच्या शाळेत लहानपणीच व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकलेली ही मंडळी पोटासाठी मुंबईला आली आणि त्यांनी हिंदी-मराठी चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा ही नावे जाणकारांना माहीत आहेत. राग म्हणजे काय हे त्यांना आपल्या संगीतकारांकडून समजून घ्यावे लागे; आणि चार व्हायोलिनी वेगवेगळे सूर धरून एकाच वेळी कशा गोड लागतात, हे आपल्या संगीतकारांना त्यांच्याकडून. शेजारी सतार घेऊन बसलेला मुसलमान, तबल्यावर बनारसचा, बासरीवर बंगाली. चाल तीच, पण एकट्याच्या पेटीवर ती अर्धीच असते. मराठी संगीतकाराच्या आयुष्यात गोवेकर आला तो आधी असा, हातात व्हायोलिनचा गज घेऊन.

२९ मे १९४९ रोजी पुण्यात त्यांचा विवाह गायिका ललिता देऊळकर यांच्याशी झाला. त्या मांडवात मंगलाष्टके म्हटली ती महंमद रफी यांनी. फाळणीला दोन वर्षे पुरी झालेली नव्हती. पंजाबातल्या खेड्यातून आलेला एक मुसलमान गायक पुण्यात ब्राह्मणाच्या लग्नात अक्षतांच्या वेळी गातो आहे, ही गोष्ट त्या घरच्या मंडळींनी स्वाभाविक मानली असावी. आपल्या वाड्यातल्या भटजींना ती किती पचली असती, ते ज्याने त्याने आपल्या घरापुरते ठरवावे.

आता १९५४ साल. त्या वर्षी ‘पहली तारीख’ नावाचा हिंदी चित्रपट आला. संगीत फडक्यांचे, आवाज किशोरकुमारचा, शब्द कमर जलालाबादी यांचे. कमर हे नाव उर्दू असले तरी हे कवी जन्माने पंजाबी हिंदू, ओमप्रकाश भंडारी. खंडव्याचा बंगाली, अमृतसरकडचा उर्दू कवी आणि कोल्हापूरचा संगीतकार यांनी मिळून केलेले ते पगाराच्या दिवसाचे गाणे पुढे कित्येक वर्षे रेडिओ सिलोन दर महिन्याच्या एक तारखेला वाजवीत असे. आणि ज्या वर्षी हे गाणे झाले, त्याच वर्षी त्याचा संगीतकार वापीच्या आसपास पावसाळ्याआधी वाटा पाहत हिंडत होता.

सिल्वासा म्हणजे कुठले, हे आजच्या तरुण वाचकांसाठी सांगितले पाहिजे. गाडीने वापीला उतरायचे आणि पूर्वेकडे वळायचे. आधी दादरा लागते, मग दमणगंगेकाठचे सिल्वासा. गुजराती त्याला सेलवास म्हणतात. नगर हवेलीचा हा मुलूख तेव्हाच्या धरमपूर आणि जव्हार या संस्थानांना आणि ठाणे जिल्ह्याला लागून होता. सगळा मिळून चारशे एक्क्याण्णव चौरस किलोमीटर. १९६२ च्या मोजणीत वस्ती सुमारे अठ्ठावन्न हजार, त्यांत बहुसंख्य वारली, धोडिया, कोकणा, काथोडी हे आदिवासी. पोर्तुगिजांच्या हाती हा मुलूख गेला तो आपल्याच पेशव्यांच्या कारभारात. १७७९ साली मराठ्यांचा आणि पोर्तुगिजांचा तह झाला. त्यात ठरलेल्या बारा हजार रुपयांच्या उत्पन्नापोटी १७८३ साली नगर हवेलीची आणि १७८५ साली दादऱ्याची गावे त्यांना मिळाली. पुढे पेशवाई गेली, इंग्रज आले, इंग्रज गेले, आणि ही गावे मात्र पोर्तुगिजांकडेच राहिली. दमणच्या किनाऱ्यापासून ती तुटलेली. मध्ये हिंदी मुलूख. सिल्वासाच्या कचेरीत कागद पोर्तुगीज भाषेत, बाजार गुजरातीत, शेतमजुरी वारली बोलीत. ‘अल्वारा’ नावाच्या सनदांनी मोठमोठ्या जमिनी बाहेरच्यांना दिलेल्या. ज्याची जमीन त्याला तो कागद वाचता येत नसे.

बाबूजी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे. राजा वाकणकर, नाना काजरेकर आणि ते स्वतः या भागात अनेकदा जाऊन आले. रस्ते, ओढे, पोलिसांची ठाणी पाहिली आणि स्थानिक माणसांशी ओळखी केल्या. एप्रिल १९५४ मध्ये अप्पासाहेब करमळकरांचे गोमंतकीय कार्यकर्ते, आझाद गोमंतक दल आणि संघाचे लोक एकत्र आले. मुंबईच्या एल्फिन्स्टन बागेत, म्हणजे आज ज्याला हॉर्निमन सर्कल म्हणतात तिथे, बैठक होऊन सशस्त्र उठावाचा विचार ठरला. पैसा हवा होता. तो उभा करायला पुण्यात हिराबागेत लता मंगेशकरांचा गाण्याचा कार्यक्रम झाला. फडक्यांच्या शब्दावर लताबाई आल्या आणि गाण्याची मिळकत शस्त्रांकडे गेली. मंगेशकरांचे मूळ मंगेशीचे, गोव्याचे. तेव्हा ती मदत दोन्ही अर्थांनी घरचीच होती.

आपल्याकडे ही हकीकत सांगताना साधारणपणे पुण्याहून निघालेल्या तुकडीपासून सुरुवात होते. विनायकराव आपटे, वाकणकर, काजरेकर, विश्वनाथ नरवणे, बाबासाहेब पुरंदरे, सुधीर फडके: नावे मोठी आहेत आणि धाडस खरे आहे, त्याला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. पण केवळ ही नावे सांगून थांबणे म्हणजे चाल सांगणे आणि वाद्यवृंद गाळणे.

क्रम असा आहे. सर्वांत आधी दादरा पडले, २२ जुलैच्या सुमारास, आणि ते पाडले पुण्याच्या मंडळींनी नव्हे. युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स नावाच्या, स्वतंत्रपणे काम करणाऱ्या गोमंतकीयांच्या संघटनेने. त्यांचे पुढारी फ्रान्सिस मास्करेन्हस. बरोबर पालेकर, परुळेकर, वाझ, रॉड्रिग्ज अशी माणसे. चौकीवरचा फौजदार अनिसेतो रोझारियो त्या हल्ल्यात मारला गेला. मास्करेन्हस आणि रोझारियो, दोघेही ख्रिस्ती. या लढ्याला हिंदू विरुद्ध ख्रिस्ती असा रंग देणाऱ्यांनी ही दोन नावे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. दादऱ्याचा कारभार लगेच पाहू लागले ते जयंतीभाई देसाई, गुजराती गृहस्थ.

२८ जुलैला नरोली. आझाद गोमंतक दलाचे आणि संघाचे लोक भरपावसात निघाले, दमणगंगेला पूर आलेला. पावसाळ्यातली दमणगंगा ज्याने पाहिली आहे त्याला विचारा. तिथे शौर्याइतकीच गरज असते ती पाण्याचा उतार कुठे आहे हे जाणणाऱ्याची. परमुलखातल्या माणसाला ते नकाशा सांगत नाही. ते काठावर जन्मलेला माणूसच सांगतो. नरोलीची चौकी शरण आली. मग पिपरिया, आणि १ ऑगस्टच्या रात्री सिल्वासा. पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो आपले दीडशेच्या आसपास शिपाई घेऊन दक्षिणेला खानवेलकडे निघून गेला होता. २ ऑगस्टला सिल्वासाला तिरंगा लागला. फिदाल्गो ११ ऑगस्टला उदव्याला भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला. सरहद्दीवर राखीव पोलिसांचे अधिकारी होते नगरवाला, म्हणजे पारशी. मोकळ्या झालेल्या मुलखाचे पहिले प्रशासक म्हणून जाहीर सभेत निवड झाली ती करमळकरांची, गोमंतकीयाची.

आणि वारली? त्यांच्याबद्दल आपण जवळजवळ काहीच सांगत नाही. मुक्तीच्या बऱ्याच आधी, १९४५ साली, शेजारच्या तलासरी-डहाणू भागात शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. त्याची हवा नगर हवेलीत पोहोचली होती. १९५४ सालीही लाल बावट्याखालच्या वारल्यांनी आतल्या गावांत आपल्या परीने पोर्तुगीज अंमल उठवला. ही मंडळी आणि संघाची मंडळी यांच्यात विस्तव जात नव्हता. गोमंतकीयांच्या दोन संघटनांचेही फारसे सूत नव्हते. श्रेय कोणाचे यावर पुढे पुष्कळ लिहिले-बोलले गेले आणि ते वाचताना वाईट वाटते. पण विचार केला म्हणजे असेही वाटते की, एकमेकांना न मानणारी चार-पाच प्रकारची माणसे एकाच पावसाळ्यात एकाच दिशेने ओढत होती म्हणूनच दहा-बारा दिवसांत काम झाले. सगळे एकाच गावचे, एकाच विचाराचे असते तर त्यांची गाणी जुळली असती, पण दमणगंगेचा उतार कोणाला सापडला असता?

नरवण्यांचा उल्लेख वर आला आहे. या गृहस्थांची गुजरातीशी चांगली दोस्ती होती आणि अशा मुलखात ती बंदुकीइतकी मोलाची. १९६१ साली त्यांनी ‘भारतीय व्यवहार कोश’ प्रसिद्ध केला. नित्याच्या वापरातले शब्द सोळा भाषांत शेजारी शेजारी मांडलेले. पुढे म्हणींचाही असाच संग्रह केला. सिल्वासाच्या तुकडीतल्या माणसाने आयुष्यभर कोणते काम केले, तर मीठ, पाणी, रस्ता, भाकरी यांना कोण काय म्हणतो ते टिपण्याचे. आमच्या घरात या कोशाची एक प्रत होती आणि माझ्या आजोळचे एक वृद्ध सद्गृहस्थ गुजराती रकान्यावर पेन्सिलीने बडोद्याची दुरुस्ती करीत असत.

मुलूख मोकळा झाला तरी कागदावर तो कोणाचा, हा प्रश्न सात वर्षे लोंबकळला. पोर्तुगालने १९५५ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. दमणहून नगर हवेलीत जाण्याचा आम्हांला हक्क आहे, असे त्यांचे म्हणणे. त्या न्यायालयात आपले १७७९ चे तहनामे आणि पेशव्यांच्या सनदा उलगडल्या गेल्या. हॉलंडमध्ये बसून निरनिराळ्या देशांचे न्यायाधीश सरंजाम आणि जहागीर या शब्दांचा अर्थ लावीत होते, हे चित्र आपल्यासारख्या मोडीच्या दप्तरांत वाढलेल्या घरांना मौजेचे वाटेल. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. मराठ्यांनी दिले होते ते उत्पन्न, राज्य नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. मात्र पुढे इंग्रजांनी पोर्तुगीज अंमल मान्य केला होता, हेही धरले. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाण्याचा हक्क होता, फौज, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांना नव्हता. आणि जुलै १९५४ मध्ये भारताने वाट अडवली यात भारताकडून कर्तव्यभंग झाला नाही. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतात सामील झाला. करारावर सही करता यावी म्हणून बदलानी नावाच्या सनदी अधिकाऱ्याला एक दिवसापुरते तिथले पंतप्रधान करण्यात आले. असा एक दिवसाचा पंतप्रधान आपल्या संस्थानांच्या इतिहासातही सापडणार नाही.

या साऱ्या काळात बाबूजी काय करीत होते? गात होते. सिल्वासाला आठ महिने होतात न होतात तो १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले. शब्द माडगूळकरांचे, छप्पन्न गीते, दर आठवड्याला एक. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक, ललिताबाई असे अनेक आवाज बाबूजींनी त्या पात्रांसाठी निवडले. आकाशवाणीच्या त्या मालिकेत सगळी गीते त्यांनी स्वतः गायिली नव्हती, हे पुष्कळांच्या लक्षात नसते. एकट्याने सारे गाण्याचे कार्यक्रम नंतरचे. पुढे गीतरामायणाचे हिंदी, गुजराती, कानडी, तेलुगू, बंगाली, कोकणी, संस्कृत असे अनुवाद झाले आणि त्या त्या भाषेतली माणसे ती गीते बाबूजींच्याच चालींवर गाऊ लागली. गुजराती अनुवाद बडोद्यातल्या आपल्या शेजाऱ्यांना ऐकवताना माझ्या असे लक्षात आले की, मराठी न कळणारा माणूस चालीचा कल बरोबर ओळखतो. राम वनवासाला निघाला हे त्याला शब्दांआधी कळते.

१९६१ साली ‘भाभी की चूड़ियाँ’ आला. मराठी ‘वहिनींच्या बांगड्या’ची ती हिंदी आवृत्ती; दोन्हींचे संगीत फडक्यांचे. पडद्यावर पंजाबचे बलराज साहनी आणि मीनाकुमारी, शब्द उत्तर प्रदेशच्या पंडित नरेंद्र शर्मांचे, गळा लताबाईंचा. त्यातले पहाटेचे गीत भूपाच्या अंगाने जाते आणि त्याची हिंदी इतकी संस्कृतप्रचुर, की मराठी कानाला परकी वाटतच नाही. मराठी घरातली भूपाळी उत्तरेच्या घराघरांत पोहोचली ती अशी.

सिल्वासाचा आणखी एक सोबती त्यांच्या मनातून गेला नव्हता. मोहन रानडे हे सांगलीचे. शिक्षक म्हणून गोव्यात गेले, आझाद गोमंतक दलात शिरले, १९५५ साली बेतीच्या चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले आणि पोर्तुगालमधल्या तुरुंगात पडले. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, सगळीकडे दिवे लागले, आणि हा माणूस लिस्बनजवळच्या काशियसच्या किल्ल्यातच राहिला. त्यांच्या सुटकेसाठी बाबूजींनी समिती करून वर्षानुवर्षे खटपट केली. गाण्याचे कार्यक्रम चालू, रेकॉर्डिंग चालू आणि शेजारी पत्रांचा गठ्ठा. शेवटी मदत कोठून आली पाहा. मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई १९६८ साली रोमला गेले असता त्यांनी पोपकडे रानड्यांच्या सुटकेचा शब्द टाकला. एक तमिळ पुढारी, ख्रिस्ती धर्मगुरूंकडे, एका चित्पावन मास्तरासाठी. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ३ फेब्रुवारीला, अण्णादुराई वारले. हिंदीविरोधाच्या आंदोलनामुळे अण्णादुराईंवर चिडलेली पुष्कळ मंडळी त्या वेळी आपल्याकडे होती. रानड्यांच्या घरी त्यांच्याविषयी काय बोलले गेले असेल, याची कल्पना करता येते.

मी सिल्वासाला दोन-तीनदा जाऊन आलो. पाहण्यासारखे म्हणाल तर पोर्तुगीज काळातले चर्च आहे, आदिवासींच्या वस्तूंचे एक संग्रहालय आहे, नदी आहे. चर्चच्या आवारात पावसाळी दुपारी उभे राहिले की वापीकडून येणाऱ्या मालमोटारींचा आवाज ऐकू येतो. करांच्या सवलतींमुळे इथे मोठे कारखाने उभे राहिले आणि बिहार, उत्तर प्रदेश, ओरिसाकडचे कामगार आले. चहाच्या टपरीवर चार भाषा ऐकल्या. चहावाला प्रत्येकाला त्याच्या भाषेत पैसे सांगत होता. वारली मात्र अजून गावकुसाबाहेरच अधिक दिसतो. जमिनीच्या फेरवाटपाचा कायदा १९७१ साली झाला आणि त्यावरचे खटले पुढे अनेक वर्षे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गाजत राहिले. २०२० पासून हा प्रदेश दमण आणि दीवबरोबर एकाच केंद्रशासित प्रदेशात आहे. म्हणजे हेगला ज्या वाटेचा वाद झाला, ती दमण-सिल्वासा वाट आता एकाच प्रशासनाच्या दोन भागांना जोडते. तिथल्या एका वृद्ध धोडिया शेतकऱ्याशी बोलताना बाबूजींचे नाव काढले. त्याला ते ठाऊक नव्हते. त्याला आठवत होता तो पूर, आणि त्या रात्री अनोळखी माणसांना वाट दाखवायला गेलेला त्याचा काका. त्या काकाचे नाव कोणत्याच पुस्तकात नाही.

उत्तरायुष्यात बाबूजी बिंदुमाधव जोशी यांच्या ग्राहक पंचायतीच्या कामात रमले; जोशीही सिल्वासाच्या मोहिमेतलेच. सावरकरांवरचा चित्रपट पुरा करायला त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे आणि लोकांकडून जमवलेला पैपैसा घातला, आणि तो २००१ साली पडद्यावर आला. त्यांची मते ठाम होती, ती त्यांनी कधी लपवली नाहीत. त्या मतांशी जुळणारे नसलेले वादक, कवी आणि गायक त्यांच्याकडे पन्नास वर्षे येत राहिले आणि त्यांच्या खोलीत पेटीभोवती बसून काम करीत राहिले. चाल पसंत पडेपर्यंत ते कोणालाच उठू देत नसत, अशी त्यांची ख्याती होती.

२९ जुलै २००२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. नरोलीची चौकी शरण आली त्याला आदल्याच दिवशी अठ्ठेचाळीस वर्षे पुरी झाली होती.